आजोबांच्या ट्रंकेतली तीन रिळं: उजळवण्याआधी वाचून घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दापोलीच्या घरी माळ्यावरची ट्रंक उघडली, तर आत मासेमारीची तीन रिळं निघाली. एक पितळेचं, साडेतीन इंच व्यासाचं, त्यावर पुसट इंग्रजी अक्षरं आणि अजून गुंडाळलेली जुनी दोरी. दुसरं काळं, त्यावर ‘मिचेल ३००’. तिसरं ‘पेन सर्फमास्टर’. पितळेचं पणजोबांचं, बाकीची दोन आजोबांनी बोटीवरच्या नोकरीत असताना आणलेली. तुम्हाला हवं आहे ते असं: ही किती जुनी आहेत, किंमत किती येईल, उजळवून घेऊ का, आणि खाडीत जिताडा मासा धरायला वापरता येतील का.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण या आठवड्यात तुमच्या हातून काही बिघडलंच तर तिथेच बिघडेल. उजळवू नका. चिंच नाही, लिंबू-मीठ नाही, पितळेची भांडी घासायची पूड नाही, बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर धरून चकाकवणं, तर नाहीच.

मी टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली आणि त्यातली पंचवीस-सव्वीस वर्षं लोकांची जुनी रिळं दुरुस्त करतो आहे. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांनी असंच एक पितळी रीळ विश्वासाने हातात दिलं. मी ते रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवलं आणि सकाळी बफवर धरलं. सोन्यासारखं झळकलं, तेही खूश झाले. नंतर त्यांनी जुना फोटो दाखवला तेव्हा कळलं, की चकतीवर दुकानाचं नाव कोरलेलं होतं. ते आधीच झिजून कागदाइतकं उथळ झालेलं, आणि उरलंसुरलं मी घासून टाकलं. ते रीळ कुठून आलं हे आता कोणालाच सांगता येणार नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: पृष्ठभाग आधी वाचायचा, मग रीळ उघडायचं, आणि पाण्यात न्यायचा विचार त्यानंतर.

तुमचं पितळी रीळ वाचू. खिडकीशी जा, दिवा बंद ठेवा आणि उजेड बाजूने, जवळजवळ आडवा पडेल असं रीळ धरा. समोरून फोटो काढला की झिजलेली अक्षरं नाहीशी होतात. तिरप्या उजेडात त्यांच्या कडांना सावली येते. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत मला ‘ए’, मग ‘एन’, आणि शेवटी ‘सी एस एल’ असं काहीसं दिसतं आहे. ते खरंच तसं असेल, तर ते बनवणाऱ्याचं नाव नव्हे, विकणाऱ्याचं आहे: आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. लष्करी अधिकाऱ्यांनी १८७१ साली लंडनमध्ये सुरू केलेली ही संस्था. तिची मुंबईतली शाखा १८९१ साली उघडली, आणि काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही उभी आहे. १९३४ मध्ये संस्थेचं नाव बदलून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स झालं. म्हणजे ‘सी एस एल’ ही अक्षरं पक्की निघाली, तर रीळ १८७१ ते १९३४ यांच्या मधलं. तुमच्या पणजोबांनी ते मुंबईत नवं घेतलं, की मायदेशी परतणाऱ्या एखाद्या साहेबाकडून किंवा जुन्या बाजारातून आलं, हे त्या शिक्क्यावरून ठरत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, पणजोबा कुठे कामाला होते. ती एक ओळ माझ्या भिंगापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दुकानाचं नाव आणि कारखान्याचं नाव यातली गफलत मी वारंवार पाहतो. त्या काळी बर्मिंगहॅममधल्या लहान-मोठ्या कारखान्यांत साधी पितळी रिळं मोठ्या संख्येने बनत, कोऱ्या चकतीने दुकानात जात, आणि दुकानदार आपलं नाव कोरून विकत. त्यामुळे एकाच कारखान्याची रिळं पाच दुकानांच्या नावाने सापडतात. नाव दिसलं की लोक त्याच नावाचा कारखाना शोधत बसतात आणि तो सापडत नाही.

साठ वर्षांचा हा पट्टा आणखी अरुंद करायचा, तर घडण बघावी लागते. मूठ एका वाकड्या दांड्याच्या टोकाला असेल तर घाट जुना. मूठ थेट फिरणाऱ्या चकतीवर बसवलेली असेल, तुमच्या फोटोत तशीच दिसते, तर तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेला प्रकार. त्यात दोरी दांड्यात अडकत नाही, म्हणून तो टिकला. पण दुकानं दोन्ही प्रकार बरीच वर्षं शेजारीशेजारी विकत होती, तेव्हा एवढ्यावरून साल सांगणारा माणूस अंदाजाने बोलतो आहे असं समजा.

मग स्क्रू. जुन्या ब्रिटिश रिळाचे स्क्रू एका खाचेचे असतात, आणि खाच बारीक असते. चार खाचांचा फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकाआधी नव्हताच. तो दिसला तर एकतर मागाहून कोणीतरी बदलला आहे, किंवा रीळच शोभेसाठी अलीकडे बनवलेलं आहे. अशी शोभेची पितळी रिळं आपल्याकडच्या बाजारात बरीच फिरतात. त्यांची आणखी एक खूण अशी, की काळेपणा सगळीकडे सारखा असतो. खरं वापरलेलं रीळ जिथे अंगठा लागतो तिथे गुळगुळीत आणि उजळ, आणि दोन्ही चकत्या जोडणाऱ्या खांबांच्या मुळाशी, पायाच्या खाली काळं असतं. माणसाच्या हाताने आलेली झीज रसायनात बुडवून आणता येत नाही.

पायही बघा. पाय म्हणजे रीळ रॉडवर बसवायची खालची पट्टी. तिची टोकं कानशीने घासून बारीक केलेली असतील तर नाराज होऊ नका. नव्या रॉडच्या कड्यांत बसावं म्हणून पुष्कळ मालकांनी असं केलेलं आहे. संग्राहक त्याची किंमत कमी करतात, हे खरं. पण तुमच्या पणजोबांनी हे रीळ एकापेक्षा जास्त रॉडवर वापरलं, याचा तो पुरावाही आहे.

मुठीबद्दल थोडं सावध राहा. पांढरट, पिवळसर मूठ दिसली की लोक ‘हस्तिदंत’ म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा ते हाड, शिंग किंवा सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक) निघतं. भिंगाखाली हाडात बारीक काळे ठिपके दिसतात, शिंगात थर दिसतात, आणि हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. सेल्युलॉइड भस्सकन पेटतं. आणि मूठ खरंच हस्तिदंताची निघाली, तर रीळ विकायचा विचार सोडून द्या. आपल्याकडे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे.

चकतीच्या आतल्या बाजूला पेटंटचा आकडा निघाला तर तो लिहून ठेवा. ब्रिटिश पेटंटचे क्रमांक पूर्वी दरवर्षी नव्याने एकपासून सुरू होत, म्हणून आकड्याशेजारी साल लिहावं लागे. १९१६ पासून १,००,००१ या आकड्यापुढे सलग क्रम चालू झाला. तेव्हा सहा आकडी ब्रिटिश क्रमांक म्हणजे १९१६ किंवा नंतरचा. अमेरिकन पेटंटांचा दहा लाखावा क्रमांक १९११ मध्ये आणि वीस लाखावा १९३५ मध्ये लागला. तुमच्या तिसऱ्या रिळावर असा आकडा असेल तर त्याचा उपयोग होईल. मात्र पेटंटचं साल म्हणजे रीळ बनल्याचं साल नव्हे. ते फक्त सांगतं, ‘याच्या आधीचं नाही’.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर पितळी रिळाला जन्मतारीख नसते, दोन टोकं असतात. शिक्का एक टोक देतो, घडण आणि स्क्रू दुसरं टोक जवळ आणतात. पंधरा-वीस वर्षांचा पट्टा हाती आला तर ते काम चांगलं झालं म्हणायचं.

आता मिचेल. याच्यावर माझा विशेष जीव आहे, कारण मी शिकलो तेच मुळी याची झाकणं उघडून. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी क्लूज नावाचं गाव आहे, घड्याळांचे सुटे भाग बनवणाऱ्या खोऱ्यातलं. तिथल्या कार्पानो ए पोन्स या कारखान्यात ही रिळं बनत. झाकण काढलंत की घड्याळजीचा हात ओळखू येतो. ३०० म्हणजे डाव्या हाताने फिरवायचं, ३०१ म्हणजे उजव्या हाताने. पायाच्या दांड्यावर क्रमांक ठोकलेला असेल, तो टिपून घ्या. त्यावरून संग्राहकांच्या याद्यांत ढोबळ काळ लागतो. नावासोबत ‘गार्सिया’ असंही लिहिलेलं असेल तर ते अमेरिकेच्या बाजारासाठी गेलेलं रीळ, कारण गार्सिया ही तिथली आयातदार कंपनी होती. आजोबांची बोट कुठल्या बंदरांना लागत असे, याचा धागा तिथे मिळू शकतो.

मिचेल बंद पडलेलं वाटतं तेव्हा ते बहुधा मोडलेलं नसतं, आतलं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. जोराने फिरवलंत तर दाते खराब होतील. झाकणाचा स्क्रू सोडायला त्याच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. मी पाती दगडावर घासून खाचेच्या मापाची करून घेतो. उघडल्यावर प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा, आणि भाग काढाल त्याच क्रमाने पांढऱ्या फडक्यावर मांडा. ग्रीस रॉकेलने सुटतं, रॉकेल नसेल तर डिझेलने. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, काळा रंग निघून येईल. मुठीच्या गोळ्याला कुठलाच द्रव लावू नका.

आणि खोबरेल तेल कधीच नाही. कोकणात घराघरांत ते हाताशी असतं, म्हणून लोक लावतात. मला दुरुस्तीला आलेली निम्मी रिळं त्यानेच चिकटलेली असतात. थंडीत ते गोठतं आणि काही महिन्यांत चिकट राळ होऊन बसतं. शिलाई मशीनचं पातळ तेल फिरत्या टोकांना एक थेंब आणि दात्यांना पातळ थर ग्रीस, एवढं पुरतं.

वापरण्याआधी मिचेलमध्ये दोन जागा तपासा. दोरी उचलून फिरकीवर, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या भागावर, आणणारी तारेची कमान असते, तिची स्प्रिंग हा या रिळाचा दुबळा भाग. कमान दहा वेळा उघडझाप करून पाहा. एकदाही आळसावली तर स्प्रिंग बदला. इतकी रिळं बनली आहेत की सुटे भाग अजून मिळतात. दुसरी जागा म्हणजे दोरी जिथून वळते ती. वर्षानुवर्षं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, घासून तिथे खाच पडते, डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा तिथून ओढा. एक जरी तंतू अडकला तर ती जागा तुमची दोरी कापणार, आणि तीही मासा लागल्यावर.

माझ्या मते हे रीळ तुम्ही खरंच वापरावं, पण गोड्या पाण्यात. तलावावर रोहू, मृगळ, कटल्यासाठी ते आजही उत्तम काम देतं. तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या. खाडीत मात्र नेऊ नका. रंगाखाली खारं पाणी शिरलं की धातूला पांढरे फोड येतात, आणि ते थांबवणं अवघड असतं.

जिताड्याचं काम तिसऱ्या रिळाचं. पेन ही फिलाडेल्फियाची कंपनी, ओटो हेन्झे यांनी १९३२ साली सुरू केलेली. त्यांनी सुरुवातीपासून समुद्र डोळ्यासमोर ठेवला. बाजूच्या काळ्या बेकलाइटच्या (जुन्या कडक प्लास्टिकच्या) चकत्या, क्रोम चढवलेल्या कड्या, आणि मुठीखाली चांदणीच्या आकाराचं ब्रेकचं चाक; मासा ओढतो तेव्हा दोरी किती जोरावर सुटावी, ते हा ब्रेक ठरवतो. एकच मॉडेल त्यांनी अनेक वर्षं फारसं न बदलता बनवलं, म्हणून नुसत्या नावावरून साल लागत नाही. पण त्याच कारणाने पुष्कळ जुन्या पेनना नंतरच्या काळातले भागही बसतात, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते जास्त मोलाचं आहे.

तुमच्या फोटोत फिरकी काळी, निस्तेज दिसते. ती धातूची आहे की प्लास्टिकची, हे नखाने वाजवून आधी ठरवा. प्लास्टिकची असेल तर तिच्यावर तंगूस थेट भरू नका. याचं कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. तंगूस ताणलं की लांबतं. मोठा मासा ओढत असताना तुम्ही ताणलेलं तंगूस फिरकीवर गुंडाळता, आणि ते तिथे बसल्यावर आखडू पाहतं. एका वेढ्याचा दाब काहीच नाही, पण शेकडो वेढे मिळून फिरकीच्या दोन्ही भिंती बाहेर ढकलतात. जेट्टीवर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मित्राच्या रिळाची फिरकी अशीच फुटली होती. मासा लागल्याला दोन मिनिटंही झाली नव्हती. बंदुकीसारखा आवाज झाला आणि तुकडा त्याच्या मनगटाला लागला. ही रिळं आखली गेली तेव्हा सुती आणि लिननच्या दोऱ्या होत्या, ज्या अशा आखडत नसत. तेव्हा धातूची फिरकी मिळवून बसवा. ती मिळेपर्यंत तळाला सुती दोरीचा चांगला थर द्या, आणि वर तंगूस कमी ताणाने भरा.

ब्रेकमधल्या चकत्या चामड्याच्या किंवा फायबरच्या असतील तर त्या आता दगड झाल्या असणार. कार्बनच्या चकत्या घाला, त्याने या रिळाला दुसरा जन्म मिळतो. ब्रेक दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर लावा आणि साध्या तराजूकाट्याने ओढून मोजा, अंदाजाने नको. जिताडा पहिल्या धडकेत जेट्टीच्या खांबांकडे धावतो. तिथे कालवांची धार असते, म्हणून पुढचं दोन हात टोक जाड तंगुसाचं ठेवा. घरी आलात की चांदणी सैल करा, रीळ गोड्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. नळाची धार मारू नका, ती मीठ आत ढकलते.

फेकताना पहिल्या दिवशी गुंता होईल. आजच्या रिळांत तो टाळायला चुंबक असतात, तुमच्या रिळात ते काम अंगठ्याचं आहे. मैदानात जाऊन साधं शिसं बांधून संध्याकाळभर सराव करा. शिसं जमिनीला लागायच्या क्षणी अंगठा फिरकीवर आला पाहिजे.

पितळी रीळ वापरायचं का, हे त्याच्या आतल्या स्प्रिंगवर अवलंबून आहे. त्यात ब्रेक नसतोच. आतल्या दातेरी चाकावर एक लहान खिट्टी टिकटिक करते, आणि तिचं काम फिरकी मोकाट धावू नये एवढंच. ती स्प्रिंग शंभर वर्षांची असेल, तुटली तर हाताने नवी बनवावी लागेल. शांत तलावाकाठी, तरंगता लावून, अर्ध्या किलोच्या माशासाठी वर्षातून एकदा नेलंत तर मी अडवणार नाही. मोठ्या माशाला ते लावू नका. साडेतीन इंचांवरून वाटतं की हे नदीवरच्या मोठ्या माशांसाठीच घेतलेलं असावं, कदाचित महाशिरासाठी. १८३९ साली कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ज्या महाशिराचं वर्णन करून त्याला ‘खुद्री’ हे नाव दिलं, तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतलाच होता.

किमतीबद्दल आकडा देणार नाही, कारण रीळ हातात घेतल्याशिवाय दिलेला आकडा खोटा असतो. मिचेल आणि पेन पुष्कळ बनली, तेव्हा त्यांची किंमत मुख्यतः चालू स्थितीची आणि मूळ खोका असेल तर त्याची. पितळी रिळाची किंमत त्या पाच अक्षरांवर आहे.

आणि पितळी रिळावरची ती दोरी अजून ओढून काढू नका. टोकाचा एक इंच कापून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम, कागदासारखी जळली तर लिनन किंवा सूत, वितळून मणी झाला तर नायलॉन. १९३८ च्या आधी नायलॉन बाजारात नव्हतं. त्यामुळे मणी झाला तर हे रीळ त्यानंतरही वापरात होतं, हे नक्की. मग दोरी दोन खुर्च्यांच्या पाठींवर सावकाश उलगडा, लांबी मोजा, आणि तळाशी फिरकीला बांधलेली गाठ आली की थांबा. ती सोडू नका, तिचा जवळून फोटो काढून मला पाठवा.